छातीचा फोटो आणि हजेरीची वही

पिशवी टेबलावर उपडी केली तेव्हा तिच्यातून छातीचे तीन फोटो निघाले, टीबीच्या औषधांची दोन कार्डं निघाली, औषधदुकानाच्या पावत्यांचा चुरगळलेला गठ्ठा निघाला आणि सगळ्यात शेवटी, दुधाच्या धुतलेल्या पिशवीत जपून ठेवलेला पाचशे रुपयांचा स्टॅम्पपेपर.

पिशवीचा मालक दाराजवळच्या बाकावर बसला होता. वय चाळीस. युनियनचं ऑफिस पहिल्याच मजल्यावर आहे, पण तेवढा जिना चढून आल्यावर त्याला तोंडातून शब्द काढायला पाच मिनिटं लागली. सोळा वर्षं त्याने शहरातल्या स्वयंपाकघरांचे ओटे कापले. ग्रॅनाईटची लादी, हातात ग्राइंडर, तोंडाला रुमाल. सिंकसाठी भोक पाडायचं तर खोलीचं दार लावून घ्यायचं, कारण धूळ हॉलमध्ये गेली की घरमालक ओरडतो. मग सगळी धूळ त्याच्या एकट्याच्या वाट्याला. पाणी मारत कापलं तर धूळ जागीच बसते, हे त्याला ठाऊक होतं. पण ओल्या फरशीवर शॉक बसायची भीती असते, आणि नव्या रंगाच्या भिंतीवर चिखल उडाला की मजुरीतून पैसे कापतात. संध्याकाळी रुमाल झटकला की पिठाच्या गिरणीतल्यासारखा पांढरा लोट उठायचा, असं त्याची बायको सांगत होती.

स्टॅम्पपेपरवर मजकूर टाइप केलेला होता. ठेकेदार माणुसकीच्या नात्याने पन्नास हजार रुपये देत आहे. आजाराचा कामाशी काही संबंध नाही. यापुढे मी किंवा माझे वारस कोणताही दावा करणार नाही. खाली सहीची जागा कोरी.

अण्णांनी कागद वाचला आणि चष्मा काढून ठेवला. असंघटित कामगारांत त्यांची चाळीस वर्षं गेली आहेत. राजस्थानातल्या वाळूच्या दगडाच्या खाणी आणि मध्य प्रदेशातलं अलीराजपूर त्यांनी पायी पाहिलं आहे. “सही करू दे त्याला, ताई,” ते म्हणाले. “पन्नास हजार आज हातात येताहेत. तुम्ही केस लावाल, तारखा पडतील, आणि निकाल लागेल तेव्हा...” बाकाकडे नजर गेली आणि पुढचं वाक्य त्यांनी गिळलं.

ताई कामगार न्यायालयात वकिली करतात. त्यांनी कागद परत दुधाच्या पिशवीत घातला. “अण्णा, पन्नास हजारांना माझा विरोध नाही. त्या मधल्या ओळीला आहे. ‘आजाराचा कामाशी संबंध नाही’ हे त्याच्याच सहीने लिहून घ्यायचंय त्यांना. पन्नास हजार त्याच ओळीसाठी आहेत.”

दोघंही एकाच बाजूची माणसं. तरी त्या संध्याकाळी दोन तास त्यांचं जमलं नाही, आणि ते न जमणं ऐकण्यासारखं होतं, कारण दगडाच्या धुळीने छाती गेलेल्या कामगाराने कायद्याच्या दारात जावं की सरकारच्या, हा प्रश्न देशभरातल्या अशा वस्त्यांमध्ये रोज पडतो.

आजाराचं नाव सिलिकोसिस. दगडातली सिलिका म्हणजे गारगोटीचं जे द्रव्य असतं ते. डोळ्यांना दिसणाऱ्या धुळीपेक्षा न दिसणारी बारीक धूळ घातक. ती फुप्फुसाच्या शेवटच्या पिशव्यांपर्यंत पोचते आणि तिथे जखम होऊन व्रण धरतात. व्रण पुन्हा मऊ होत नाहीत. काम सोडलं तरी आजार वाढू शकतो. त्यावर बरं करणारं औषध नाही. साधारण धुळीत दहा-पंधरा वर्षांनी लक्षणं दिसतात, फार दाट धुळीत काही महिन्यांतसुद्धा. सिलिका गेलेल्या फुप्फुसात टीबी सहज शिरतो, म्हणून डॉक्टर टीबीचं कार्ड काढतात, सहा महिने गोळ्या होतात, दम तसाच राहतो, आणि पुन्हा नवं कार्ड निघतं.

दगडाची जात इथे महत्त्वाची. महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्या काळ्या बेसॉल्टवर बसला आहे त्यात मोकळी सिलिका फार थोडी. ग्रॅनाईटमध्ये ती साधारण २० ते ४५ टक्के, वाळूच्या दगडात त्याहून कितीतरी जास्त, आणि हल्ली ओट्यासाठी ‘क्वार्ट्झ’ म्हणून जो कारखान्यात बनवलेला चकचकीत दगड विकला जातो त्यात ९० टक्क्यांच्याही वर. ऑस्ट्रेलियाने हा बनावटी दगड तयार करण्यावर, विकण्यावर आणि बसवण्यावर १ जुलै २०२४ पासून बंदी घातली. बाकावरच्या माणसाने शेवटची पाच वर्षं हाच दगड कापला होता.

“कोर्टाबद्दल मी का असा बोलतो, ते ऐका,” अण्णा म्हणाले.

त्यांनी अलीराजपूरची गोष्ट काढली. अलीराजपूर, झाबुआ आणि धार या जिल्ह्यांतले भिल्ल-भिलाला आदिवासी दुष्काळात गुजरातेत गोध्रा आणि बालासिनोरकडच्या गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत जायचे. काच कारखान्यांना लागणारं पांढरं पीठ तिथे तयार होतं. पोती भरायची, शिवायची, उचलायची. काही जण एखादा हंगाम करून परतले आणि वर्षा-दोन वर्षांत वारले. एकेका घरातून दोन-तीन माणसं गेली. खेडूत मजदूर चेतना संगठसारख्या संघटनांनी गावोगाव जाऊन मेलेल्यांच्या आणि आजाऱ्यांच्या याद्या केल्या. सर्वोच्च न्यायालयात २००६ साली रिट याचिका क्रमांक ११० दाखल झाली. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१० मध्ये २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये द्यावेत अशी शिफारस केली. आणि ते गुजरात सरकारने द्यावेत असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला ४ मे २०१६ रोजी.

“दहा वर्षं,” अण्णा म्हणाले. “आणि ही जिंकलेली केस आहे, ताई. देशात सिलिकोसिसची याच्याहून मोठी जीत नाही. तीत पैसे मिळाले ते मेलेल्यांच्या नावाने. दक्षिण आफ्रिकेत एका सोन्याच्या खाणीतल्या कामगाराने कंपनीवर दावा लावला. २०११ साली तिथल्या घटना न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला की असा दावा करता येतो. निकालाच्या काही दिवस आधी तो माणूस वारला होता. मी तरी आणखी किती जणांना सांगू, थांबा म्हणून?”

ताईंनी हे सगळं मान्य केलं. मग म्हणाल्या, “त्याच आफ्रिकेतल्या निकालाने पुढचं दार उघडलं, तेही सांगा ना. २०१८ मध्ये सहा खाण कंपन्यांनी समझोता केला, २०१९ मध्ये कोर्टाने मंजूर केला, पाच अब्ज रँडचा. एक माणूस कोर्टात गेला नसता तर हजारो कुटुंबांसाठी तो निधी झालाच नसता. आणि अण्णा, गुजरातची केस ही रिट होती, सरकारविरुद्धची. मी याच्यासाठी रिट करत नाहीये. मी भरपाईचा दावा करतेय, मालकाविरुद्धचा. त्याचा रस्ता वेगळा आहे आणि पुष्कळ जवळचा आहे.”

हा फरक बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ चा, इंग्रजांच्या काळातला. त्याच्या तिसऱ्या अनुसूचीत धंद्यामुळे होणाऱ्या आजारांची यादी आहे आणि सिलिकोसिस तीत नावानिशी आहे. यादीतला आजार त्या कामात जडला की कायदा त्याला कामावरचा अपघात मानतो. मचाणावरून पडलेला गवंडी आणि धुळीने छाती भरलेला पाथरवट कायद्याच्या लेखी एकाच रांगेत उभे राहतात. मालकाने निष्काळजीपणा केला हे सिद्ध करायची गरज नाही. काम आणि आजार यांचा धागा दाखवला की पुरे. देशात चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या, तेव्हा हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विरघळला. यादी मात्र टिकली आणि भरपाईचं सूत्रही टिकलं.

“पण कार्डावर टीबी लिहिलाय,” अण्णांनी पिवळं कार्ड उचललं. “मालकाचा वकील हेच कोर्टापुढे धरेल. टीबी काय, झोपडपट्टीत कुणालाही होतो.”

“धरू दे. यादीत नुसता सिलिकोसिस नाही, सिलिको-टीबीही आहे. धुळीने आधी छाती पोखरली आणि त्यात टीबी शिरला, असं असेल तर कायदा तो आजार धंद्याचाच मानतो. फक्त ते डॉक्टरने लिहायला पाहिजे. तीन डॉक्टर झाले याचे. एकानेही ‘काय काम करतोस’ असं विचारून कागदावर लिहिलेलं नाही.”

ताईंनी तिन्ही फोटो खिडकीच्या काचेला लावून धरले. बाहेरचा उजेड उतरत आला होता. पहिल्या फोटोत वरच्या भागात बाजरीचे दाणे सांडल्यासारखे ठिपके, तिसऱ्यात ते एकमेकांना चिकटून गाठी झालेल्या. फोटोच्या कोपऱ्यात तारखा होत्या: पाच वर्षांचं अंतर. कामगार बाकावरून पाहत होता. त्याने स्वतःची छाती अशी शेजारी शेजारी कधी पाहिली नव्हती.

इथे लेखकाने मध्ये बोलायला हवं. सिलिकोसिसच्या दाव्यात सगळ्यात मोठी अडचण कायद्याची नव्हे. निदानाची आहे. छातीच्या फोटोचं वाचन करण्याची आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने ठरवलेली पद्धत आहे, त्यासाठीचे नमुना फोटो आहेत, अहमदाबादला राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था आहे. पण कामगार जातो तो गल्लीतल्या दवाखान्यात, किंवा सरकारी टीबी केंद्रावर, आणि तिथे कामाचा इतिहास विचारला जात नाही. हा आजार आढळल्यास सरकारला कळवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे; कारखाना कायद्यात ते होतं आणि आता व्यावसायिक सुरक्षा संहितेतही आहे. एका ओळीचा कामाचा इतिहास, वर्षं आणि दगडाची जात, एवढं केसपेपरवर लिहिलं गेलं तर अर्धी केस उभी राहते. ते न लिहिणं ही चूक लहान दिसते, पण तिने माणसाचा हक्क मरतो.

अण्णांचा पुढचा प्रश्न खरा होता. “मालक कोण? सोळा वर्षांत याने तीन ठेकेदारांकडे काम केलं. एक मेला, एक गावी गेला. तिसरा हा पन्नास हजारवाला. तो म्हणतो, माझ्याकडे पाचच वर्षं होता. हजेरीपट नाही, पगाराची पावती नाही, पीएफ नाही.”

“यासाठी कायद्यात सोय आहे, आणि ती लोकांना माहीत नाही,” ताई म्हणाल्या. “यादीच्या ज्या भागात सिलिकोसिस आहे त्या भागातल्या आजारांसाठी असं म्हटलंय की कामगाराने अनेक मालकांकडे काम केलं असेल तर सगळे मालक भरपाईला जबाबदार. कोणी किती द्यायचे ते या दाव्यांसाठी नेमलेले आयुक्त ठरवतील. म्हणजे ‘धूळ माझ्याकडची की त्याच्याकडची’ हा वाद मालकांनी आपसांत घालायचा. आणि दुसरं, ठेकेदाराच्या वर जो आहे, ज्याने आपल्या धंद्यासाठी काम ठेकेदाराला दिलं, तोही जबाबदार. घर सजवणारा साधा घरमालक नाही त्यात, कारण त्याचा तो धंदा नाही. बिल्डर येतो. इमारत बांधून विकणं हा त्याचा धंदाच आहे.”

“आणि कुठली इमारत, ते कसं सिद्ध करणार?”

“महारेराच्या वेबसाइटवर प्रत्येक नोंदणी केलेल्या प्रकल्पाची माहिती असते. बिल्डर कोण, ठेकेदार कोण, वास्तुरचनाकार कोण, हे जाहीर करायला रेरा कायदाच सांगतो. याला इमारतींची नावं आठवली पाहिजेत, एवढंच.”

तेव्हा इतका वेळ गप्प बसलेली त्याची बायको उठली. पदराखालच्या कापडी पिशवीतून तिने दोनशे पानी वही काढली. मुलीची जुनी गणिताची वही. पुढची चाळीस पानं भागाकाराची, मागून उलटी सुरुवात करून लिहिलेली नोंद. ठेकेदार आठवड्याला दिवस कमी धरायचा, म्हणून तिने सहा वर्षं रोज लिहून ठेवलं होतं. तारीख, सोसायटीचं नाव, किती ओटे, पूर्ण दिवस की अर्धा, किती उचल घेतली. काही ठिकाणी नुसतं ‘खोकला, घरी’. शेवटच्या वर्षभरात ते दोन शब्द जास्त जास्त येत गेले होते, आणि आठ महिन्यांपूर्वीच्या एका मंगळवारनंतर वही कोरी.

ताईंनी ती कोरी पानंसुद्धा एकेक करून उलटली. “हा मंगळवार जपा,” त्या म्हणाल्या. “दावा दोन वर्षांच्या आत करावा लागतो. आणि आजाराच्या बाबतीत ती दोन वर्षं मोजायची ती आजारामुळे माणूस सलग कामाला जाऊ शकला नाही त्या पहिल्या दिवसापासून. आपल्याकडे सोळा महिने शिल्लक आहेत. उशीर झाला तरी सबळ कारण असेल तर आयुक्त माफ करू शकतात, पण तशी वेळ का आणायची?”

अण्णा वहीकडे बराच वेळ पाहत होते. त्यांचा सूर थोडा उतरला, मत मात्र नाही. “बरं, पैसे किती? तेही सांगा तिला. खोटी आशा नको.”

हिशेब ताईंनी पाठकोऱ्या कागदावर मांडला. दिवसाला सातशे रुपये म्हणजे महिन्याचे अठरा हजारांच्या वर होतात, पण भरपाईसाठी २०२० साली ठरलेली वेतनाची कमाल मर्यादा १५,००० रुपये. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर त्याचे ६० टक्के धरायचे, म्हणजे ९,०००. याला वयाचा गुणक लावायचा; चाळिसाव्या वर्षी तो १८४.१७. गुणाकार १६,५७,५३० रुपये. मृत्यू झाला तर वेतनाचे ५० टक्के आणि तोच गुणक: १३,८१,२७५ रुपये. कमाईची ताकद निम्मीच गेली असं डॉक्टरांनी ठरवलं तर पहिल्या आकड्याच्या निम्मे, ८,२८,७६५. देय झाल्यावर महिनाभरात मालकाने पैसे भरले नाहीत तर वर्षाला १२ टक्के व्याज, आणि टाळाटाळीला कारण नसेल तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड. मालकाला अपिलात जायचं असेल तर आधी रक्कम आयुक्तांकडे भरावी लागते. न भरता नुसतं अपील करून वर्षं काढता येत नाहीत.

“पन्नास हजार कशाच्या बदल्यात देताहेत ते कळलं ना?” ताई म्हणाल्या.

अण्णांनी आकडे नीट वाचले. मग त्यांनी राजस्थान पुढे केलं, आणि त्यांच्या म्हणण्यातला जोर इथे खरा दिसला. राजस्थान सरकारने ऑक्टोबर २०१९ मध्ये न्युमोकोनिओसिस धोरण आणलं. आजाराचं प्रमाणपत्र मिळालं की तीन लाख रुपये, मृत्यूनंतर कुटुंबाला दोन लाख, शिवाय महिन्याचं निवृत्तिवेतन. मालक कोण, किती वर्षं काम केलं, हजेरी कुठे आहे, असं काही सिद्ध करावं लागत नाही. कामगार स्वतः नोंदणी करतो, सरकारी डॉक्टर तपासतात, पैसे बँकेत येतात. या पैशाचा मोठा भाग जिल्हा खनिज निधीतून येतो, म्हणजे खाणवाल्यांनीच भरलेल्या हिश्शातून.

“हे मला पटतं,” अण्णा म्हणाले. “माणूस धापा टाकत असताना त्याला साक्षीदार आणायला सांगणं हा अन्याय आहे. खंबायतला अकीक घासणारे कारागीर बघा. घरातच चाक, घरातच धूळ, बायकापोरांच्या छातीत तीच धूळ. मालक म्हणून बोट दाखवायला कुणी नाही, नुसता व्यापारी आहे. तिथे तुमचा १९२३ चा कायदा काय करेल? जिथे सरकार प्रमाणपत्रावर पैसे देतं तिथे माणूस जिवंत असताना चार घास सुखाने खातो. मी ते बघितलंय.”

“खंबायतसाठी तुमचं बरोबर आहे,” ताई लगेच म्हणाल्या. “तिथे धोरणच हवं, आणि ते प्रत्येक राज्यात हवं. पण जिथे मालक आहे, आणि त्याच्याकडे पैसाही आहे, तिथे सगळा भार सरकारी निधीवर टाकला तर उद्या ग्राइंडरला पाण्याची नळी कोण लावणार? कापताना पाणी सोडायचं, धूळ ओढणारं यंत्र लावायचं, नीट बसणारा मास्क द्यायचा. एका माणसाच्या भरपाईत अशी कितीतरी यंत्रं येतील. ते मालकाला तेव्हाच सुचतं जेव्हा भरपाई त्याच्या खिशातून जाते. लॉस एंजेलिसमध्ये ऑगस्ट २०२४ मध्ये ज्यूरीने ३४ वर्षांच्या एका दगड कापणाऱ्या कारागिराला पाच कोटी डॉलरच्या वर भरपाई ठरवली, ती बनावटी दगड तयार करणाऱ्या आणि विकणाऱ्या कंपन्यांकडून. आपल्याकडे तसं लगेच होणार नाही. पण धूळ कुणाच्या पैशाने झाली हा प्रश्न विचारायचाच नाही, हे मला मान्य नाही.”

लेखकाचा कौल इथे ताईंकडे झुकतो, पण पूर्ण नाही. मदत आणि भरपाई या एकमेकींच्या जागी ठेवायच्या गोष्टी नाहीत. मदत ही सरकारची जबाबदारी, ती लगेच हवी आणि कमीत कमी कागदांवर हवी. भरपाई हा मालकावरचा हक्क आहे, आणि मदत घेतली म्हणून तो सोडून देण्याचं काही कारण नाही. अण्णांची घाई मात्र हजार वेळा रास्त आहे. भरपाईच्या दाव्यांचा निकाल माणूस जिवंत असताना लागला नाही, तर तो कायदा फक्त वारसांचा राहतो.

बाकीचे रस्ते त्यांनी झरझर पाहिले. ठेकेदाराकडे दहा माणसं असती आणि त्याने राज्य कामगार विम्यात नोंद केली असती, तर मार्ग वेगळा होता: विम्यात असलेल्या कामगाराला धंद्याच्या आजारासाठी अपंगत्वाचा लाभ आणि मृत्यूनंतर आश्रितांना मासिक लाभ मिळतो, आणि मग मालकावर वेगळा भरपाई दावा करता येत नाही. कोल्हापूरच्या फौंड्रीत सिलिकाची वाळू हाताळणाऱ्या, विमा असलेल्या कामगाराने म्हणून आधी आपलं विमा कार्ड काढून पाहावं. दिवाणी कोर्टात वेगळा नुकसानीचा दावा लावता येतो, पण तो लावला की आयुक्तांकडचा रस्ता बंद होतो. दोन्हीतला एकच निवडायचा. मानवी हक्क आयोगाकडे तक्रार बिनखर्चाची, पण घटनेनंतर वर्षाच्या आत करावी लागते. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींची माणसं आणि औद्योगिक कामगार यांना तिथे मोफत वकील मिळायचा हक्क आहे.

आणि महाराष्ट्रातल्या बांधकाम कामगारांसाठी एक दार अगदी जवळ आहे. इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या कामांच्या यादीत दगड कापणं, फोडणं, दगडाचा चुरा करणं आणि लाद्या-टाइल्स कापून पॉलिश करणं ही कामं आहेत. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला असला की नोंदणी होते, आणि आजारपणाच्या व मृत्यूच्या मदतीच्या योजना त्यावर मिळतात. बाकावरच्या माणसाची नोंदणी होती, तीन वर्षांपूर्वी नूतनीकरण राहिलं. अण्णांनी कपाळावर हात मारला. आता काम सुटलेलं, ९० दिवस कुठून आणायचे?

“म्हणूनच मी म्हणते, एका दारावर विसंबून राहू नका,” ताई म्हणाल्या.

उरला होता तो स्टॅम्पपेपर. पन्नास हजारांची या घराला आज गरज होती. दोन महिन्यांचं घरभाडं थकलं होतं. कोर्टाच्या पुस्तकात ही गरज दिसत नाही, आणि अण्णा तीच पुन्हा पुन्हा दाखवत होते. ताईंनीही ती नाकारली नाही. त्यांनी कायदा सांगितला: कामगाराने आपला भरपाईचा हक्क सोडून दिला असा करार कायद्यात रद्दबातल असतो. मृत्यूची भरपाई तर मालकाने थेट वारसाच्या हातात दिली तरी ती दिली असं धरत नाहीत, ती आयुक्तांकडेच जमा व्हावी लागते. मग सही केली तर काय बिघडतं? बिघडतं ते ‘आजाराचा कामाशी संबंध नाही’ या ओळीने. हक्क सोडल्याची ओळ कोर्ट बाजूला ठेवेल, पण संबंध नसल्याची ओळ कबुलीजबाब म्हणून वाचली जाईल, आणि उलटतपासणीत या माणसाला धाप लागलेली असताना त्याचीच सही त्याला दाखवतील.

“मग दुसरा कागद करू,” अण्णा म्हणाले.

दोघांनी मिळून तो केला. साध्या कागदावर, चार ओळी. अमुक तारखेला, अमुक ठेकेदाराकडून, ज्यांच्याकडे मी इतकी वर्षं दगड कापण्याचं काम केलं, पन्नास हजार रुपये आजारपणाच्या खर्चासाठी मिळाले. एवढंच. पैसे बँकेतून यावेत, रोख नको. ठेकेदार अशा पावतीवर पैसे देईल की नाही, हे अण्णांना सांगता येईना. पण देईल तर ती पावतीच कामाचा पहिला लेखी पुरावा ठरेल, हे ताईंच्या आधी त्यांच्याच ध्यानात आलं, आणि त्यांनी मधली ओळ, ‘इतकी वर्षं दगड कापण्याचं काम केलं’, स्वतःच्या हाताने पुन्हा ठळक लिहिली.

दुसऱ्या दिवशीची कामं ठरली. सकाळी जिल्हा रुग्णालयात छातीरोग विभाग. नवा फोटो, फुंकण्याची तपासणी, आणि केसपेपरवर कामाचा इतिहास लिहून घेतल्याशिवाय उठायचं नाही. वहीच्या सगळ्या पानांच्या दोन प्रती. बरोबर काम केलेल्या दोन माणसांची नावं. महिन्याच्या आत ठेकेदाराला नोटीस. कामगार हे सगळं ऐकत होता. जाताना त्याने एकच विचारलं, वही परत मिळेल ना, मुलीची गणितं आहेत तीत.

या लेखाच्या वाचकाकडेही एक कागद असण्याची शक्यता आहे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत ज्यांनी ओटा केला किंवा फरशी बदलली, त्यांच्या घरातल्या फाइलीत ठेकेदाराचं बिल असतं: नाव, तारीख, पत्ता, दगडाचा प्रकार, किती फूट. ते बिल फेकू नका. ओटा कापायला आलेल्या माणसाचं नाव विचारून त्याच बिलाच्या मागे लिहून ठेवा, कापताना पाणी वापरायला सांगा आणि भिंतीवर उडालेल्या चिखलाचे पैसे कापू देऊ नका. आणि काही वर्षांनी कोणी बाई जिना चढून आली आणि त्या बिलाची झेरॉक्स मागू लागली, तर तिला ती द्या.